ढालकऱ्याला काय हवंय

आमच्या टेबलावर स्वतःचं पात्र स्वतः करायला बंदी आहे. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस नाक मुरडतो आणि विचारतो, मग खेळात मजा ती काय? मीही विचारलं होतं, तेही जरा चढ्या आवाजात. पण टेबल बाईंचं, घर बाईंचं, चहाही त्याच करतात. त्यामुळे नियमही त्यांचाच.

बाई म्हणजे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. खेळ तसा साधा आहे. बाई एक जग सांगतात, त्याचे नकाशे चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं काढतात, आणि आम्ही तिघं त्या जगातली तीन माणसं होतो. आपल्या माणसानं काय करायचं ते आपण ठरवायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. तिघं म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि कोपऱ्यावरची बेकरीवाली. रविवारी दुपारी तिची भट्टी बंद असते आणि आमचं चष्म्याचं दुकानही. सात वर्षं झाली, क्वचितच खाडा पडला असेल.

पहिली दोन वर्षं आम्ही आपापली पात्रं आपणच करायचो. जिला स्टुलावर चढल्याशिवाय वरच्या फळीवरचा पाव काढता येत नाही त्या बेकरीवालीनं साडेसहा फुटी योद्धा केला. मी एक म्हातारा मांत्रिक केला, ज्याचं कधीच काही चुकत नसे. धाकट्यानं काय केलं होतं ते मला आठवत नाही. एवढे पराक्रमी लोक एका खोलीत आले की काय होतं? कुणाला कुणाची गरज पडत नाही आणि बोलायला काही उरत नाही. शेवटी एका दुपारी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही सगळे स्वतःचे फोटो काढून आणताय. फोटोला काय गोष्ट सांगू मी?"

तेव्हापासून चिठ्ठ्या. नवी मोहीम सुरू व्हायच्या आधी चिठ्ठी उचलायची, जो निघेल त्याचं पात्र आपण लिहायचं, आणि तो माणूस पुढचे कित्येक महिने आपण लिहिलेला माणूस होऊन बसणार.

कसं लिहायचं ते बाईंनी आम्हाला शाळेतल्यासारखंच शिकवलं, म्हणजे चुकलं की परत लिहायला लावून. तलवारीपासून सुरुवात करू नका, म्हणायच्या, चपलांपासून करा; कुठे झिजल्यात ते कळलं की माणूस कुठून चालत आला ते कळतं. कुणी 'शूर' लिहिलं की त्या ते खोडायच्या. काय केलं त्यानं? कधी? कोण बघत होतं? एकदा मी 'प्रामाणिक, कष्टाळू, प्रेमळ' असं लिहून नेलं तर म्हणाल्या, "हे पात्र आहे की नोकरीचा अर्ज?" त्याला न जमणारी एक तरी गोष्ट हवी, जी तो तरीही करत राहतो. बेकरीवालीनं एकदा माझ्यासाठी बेसूर चोर लिहिला होता. तो कुलूप उघडताना गुणगुणायचा आणि दर वेळी पकडला जायचा. आठ महिने सगळी मोहीम त्या चोराला सोडवत फिरली, आणि कबूल करायला हवं, माझ्या सर्वज्ञ मांत्रिकात मला इतकी मजा कधी आली नव्हती. आणखी एक: कागदावरची शेवटची ओळ कोरी सोडायची. ती ज्याला पात्र मिळेल त्यानं भरायची. "तुम्ही माणूस द्या," बाई म्हणायच्या, "त्याचे मालक होऊ नका."

या खेपेला माझ्या हातात धाकट्याची चिठ्ठी आली.

त्याआधी पाच दिवस, म्हणजे मंगळवारी, दुकानात एक गोष्ट घडली होती. दुकानात पुढे मी बसतो आणि मागे धाकटा. पुढे म्हणजे काउंटर, आरसे, फ्रेमांचे खण आणि "या चष्म्यात मी म्हातारी दिसते" असं मलाच दोष देत सांगणारी गिऱ्हाइकं. मागे म्हणजे पडद्याआड काचा घासायचं यंत्र आणि धाकटा. फ्रेमच्या आकाराची काच कापायची, कड घासायची, केसाइतकीही फट न ठेवता ती बसवायची. तीस वर्षं तो हे करतोय. वडील गेले तेव्हा तो चौदाचा होता आणि मी एकवीसचा. त्याला शाळेत सोडणारा मी, त्याच्या निकालावर सही करणारा मी, दुकानात आणून बसवणाराही मीच. लग्न त्यानं केलं नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतो.

त्या मंगळवारी तो पडद्याबाहेर आला, तयार चष्मा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "दादा, एका संस्थेनं विचारलंय. चष्मे करायचं काम शिकवायला. पोरं-पोरी असतात तिथे, वीस-बावीस जण. लांब आहे, तिकडेच राहावं लागेल."

मी चष्मा उजेडात धरून बघत होतो.

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. तू काय म्हणतोस?"

मी म्हणालो, "बारीक स्क्रूंची डबी कुठे ठेवलीस?"

त्यानं डबी काढून दिली आणि तो आत गेला. थोड्या वेळानं यंत्र सुरू झालं.

मी विसरलो होतो असं कुणी समजू नये. रोज सकाळी शटर वर करताना पहिलं तेच आठवायचं. तरी मी तोंडात गुळणी धरून बसलो. मी हो म्हटल्याशिवाय तो जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याहून वाईट म्हणजे, मी नाही म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की सोमवार आपोआप येऊन निघून जाणार होता.

अशा मनःस्थितीत, चिठ्ठी निघाल्यानंतरच्या बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नसताना, काउंटरवर बसून मी धाकट्याचं पात्र लिहिलं. ढालकरी. मोठी ढाल घेऊन इतरांच्या पुढे चालणारा. चपलांपासून सुरुवात केली, नियमाप्रमाणे. त्याला ओझं लागत नाही, थंडी लागत नाही, तो रात्री पहाऱ्याला उभा राहतो आणि दिवसा डुलकी काढत नाही. या मोहिमेत एक किल्लेदार असणार हे बाईंनी आधीच सांगितलं होतं; त्याच्यापुढे यानं शपथ घेतलेली आहे. पडद्यामागे यंत्र चालू होतं आणि माझं पेन सुरेख चाललं होतं. बावीस ओळी झाल्या. तेविसावी कोरी सोडायची होती. मी तिथे लिहिलं, 'तो कधीही कुणाला सोडून जात नाही.' हे मुद्दाम केलं नाही म्हणालो तर खोटं ठरेल, आणि मुद्दाम केलं म्हणालो तरी खोटंच. मला तेव्हा वाटलं, मी माझ्या भावाचं कौतुक करतोय.

त्या रविवारी कागदांची अदलाबदल झाली. ज्याला पात्र मिळालं त्यानं ते मोठ्यानं वाचायचं असतं. बेकरीवालीला धाकट्यानं लिहिलेलं मिळालं. मधमाश्या पाळणारी एक म्हातारी, जिला गोड आवडत नाही. तिच्या डाव्या चपलेची टाच झिजलेली, कारण पोळ्यापाशी थांबून ती तासन्‌तास एका पायावर भार देऊन ऐकत उभी राहते. दर पौर्णिमेला ती बहिणीला पत्र लिहिते आणि टाकत नाही. शेवटची ओळ कोरी. बेकरीवालीनं कागद छातीशीच धरला. "ही बाई मला आयुष्यभर चालेल," म्हणाली. धाकटा खाली बघून हसला. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आमच्या तिघांत हे काम त्यालाच येतं.

मला बेकरीवालीनं केलेला किल्लेदार मिळाला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सगळी दारं स्वतः लावल्याशिवाय झोप नाही. आणि पुढे लिहिलं होतं, 'एका कानानं बहिरा, सोयीनुसार.'

"हे सोयीनुसार काय आहे?" मी विचारलं.

"असतात काही लोक तसे, चष्मेवाले," ती म्हणाली आणि चहात बिस्किट बुडवलं. धाकटा रोज सकाळी तिच्याकडून पाव आणतो. दोघं किती वेळ बोलत असतात, कुणास ठाऊक.

मग धाकट्यानं ढालकरी वाचला. माझ्या अक्षरातल्या बावीस ओळी त्यानं गिऱ्हाइकाचा नंबर वाचावा तशा वाचल्या, न अडखळता, न चढउतार करता. तेविसावी वाचली आणि कागद खाली ठेवला.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चष्मा मीच करून दिलेला. "शेवटची ओळ?"

"चुकून भरली."

"शाईनं?"

बाई धाकट्याकडे वळल्या. तो त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणून त्याला अजून अरे-तुरे करतात. "पात्र परत करता येतं एकदा. करतोस?"

"नको बाई. चांगलं आहे," धाकटा म्हणाला.

खेळ सुरू झाला. बाईंनी आम्हाला बर्फाळ घाटात सोडलं होतं. धाकट्यानं ढालकरी कागदावर होता तसाच्या तसा खेळला. म्हातारीचं गाठोडं उचललं, किल्लेदाराच्या पुढे चालला, वाटेची कड ढासळली तेव्हा दोघांना धरून उभा राहिला. फासाही त्याला भरभरून देत होता. पण बघवत नव्हतं. प्रत्येक वेळी बाई विचारायच्या, "ढालकरी काय करतो?" आणि तो आधी कागदाकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा. जीव तोडून आज्ञा पाळत होता माझा भाऊ, आणि आज्ञा माझ्याच हातच्या होत्या.

संध्याकाळच्या सुमारास, म्हणजे खेळातल्या संध्याकाळी, आम्हाला एक झोपडी सापडली. शेकोटी पेटली. बाईंची ही आवडती जागा. लढाईपेक्षा शेकोटीपाशी पात्रं कळतात असं त्यांचं मत. त्यांनी विचारलं, "सकाळी घाट उतरला की तुमच्या माणसाला काय हवंय?"

"कोरडे मोजे," बेकरीवाली लगेच म्हणाली. "आणि शेजारणीच्या माश्या सगळ्या माझ्याकडे उडून यायला हव्यात."

मी म्हणालो, "किल्ला जसा सोडला तसाच हवा. सगळे जागच्या जागी." बेकरीवाली नाकातल्या नाकात हसली.

"आणि ढालकऱ्याला?"

धाकट्यानं कागद वाचला. पुन्हा वरून वाचला. उलटा करून मागे बघितलं. मग म्हणाला, "इथे लिहिलेलं नाही, बाई."

"असं कसं?" मी म्हणालो आणि कागद ओढून घेतला. एवढं भरभरून लिहिलेलं, नसेल कसं? तो उचलतो. तो उभा राहतो. तो पुढे चालतो. त्याला लागत नाही, त्याला वाटत नाही, तो मागत नाही. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बावीस ओळींत त्या माणसाला एकदा भूकसुद्धा लागली नव्हती.

मला लाज वाटली, आणि ती नुसत्या कागदाची नव्हती. धाकट्याला विसाव्या वर्षी काय हवं होतं ते मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला एकही गोष्ट आठवेना. मीच विचारली नसेल तर आठवणार कुठून?

"थांबा, लिहितो मी," म्हणून मी पेन काढलं.

"ठेवा ते पेन," बाई म्हणाल्या. "तुम्ही पुष्कळ लिहिलंत." मग धाकट्याला म्हणाल्या, "तू सांग रे."

तो फासा हातात घेऊन नुसता फिरवत राहिला. "त्याला ढाल खाली ठेवायची आहे," अखेर तो म्हणाला. "घाटाखालच्या गावात पोरं आहेत, त्यांना ढाल कशी धरायची ते शिकवायचं आहे. पण किल्लेदार काही बोलत नाही. किल्लेदार बोलल्याशिवाय तो निघणार नाही. तशी शपथ आहे त्याची."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बेकरीवाली मात्र बघत होती. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या नेहमीच्या उत्साहानं माझ्याकडे वळल्या. "बोला किल्लेदार."

आणि मी काय केलं? फाशाकडे हात नेला. सात वर्षांची सवय.

"फासा कशाला?" बाई म्हणाल्या. "यात जमण्या-फसण्यासारखं काय आहे? बोलायचं तर आहे."

"जा," मी म्हणालो. "किल्लेदार म्हणतो, जा. शपथ सुटली."

बाईंनी वहीत टिपून घेतलं. बेकरीवालीनं बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. बाकीचा खेळ नीट पार पडला आणि आम्ही दोघं भाऊ परत आलो; तो दुकानावरच्या त्याच्या खोलीत गेला, मी घरी. माझा जीव भांड्यात पडला होता. सुटलो, असं वाटत होतं. घरी आल्या आल्या मी बायकोला सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच.

तिनं ऐकून घेतलं. "आणि खरोखर?"

"खरोखर म्हणजे?"

"अहो, भावजींना सांगितलंत का?"

"सांगितलं की. तिथेच. सगळ्यांसमोर."

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि जेवणाची ताटं मांडायला घेतली.

सोमवारी सकाळी धाकटा नेहमीच्या वेळी खाली आला, पडद्याआड गेला, यंत्रात पाणी भरलं. मी काउंटर पुसला. आरसे पुसले. जे आरसे आत्ताच पुसले होते ते पुन्हा पुसले. मग पडदा बाजूला केला.

"कळवलंस का त्यांना?"

"नाही."

"का? काल मी बोललो ना?"

तो यंत्राचं झाकण पुसत होता. "काल किल्लेदार बोलला, दादा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा मोठा घोडा झालाय, पन्नाशीला टेकला, अजून याला तोंडानं सांगायला हवं? मी तोंड उघडलंही. पण त्याचा चेहरा बघितला. तो रागावला नव्हता, चेष्टाही करत नव्हता. तो वाट बघत होता. बारा-तेरा दिवस नव्हे, बरीच वर्षं बघत असावा.

मी त्याच्या स्टुलावर बसलो. उभं राहून बोलणं जमेना.

"दुकानाचं कारण नाही," मी म्हणालो. "दुकान चालेल कसंही. तू गेलास की मला करमणार नाही. एवढंच आहे. मी एकटा पडेन म्हणून बोललो नाही. तुझ्या तोंडावर नाही म्हणायचीही हिंमत नव्हती माझ्यात." मग जे पस्तीस वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला जायचंय का?"

"हो," धाकटा म्हणाला. आणि थोड्या वेळानं पुन्हा, जरा मोठ्यानं, "हो, दादा. जायचंय मला."

"मग लाव फोन."

त्यानं माझ्यासमोरच फोन लावला. बोलताना ताठ उभा होता, शाळेत बोलावल्यासारखा. दहा तारखेला निघतो, म्हणाला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. फोन ठेवून त्यानं मला हात पुसायचं फडकं दिलं, ज्याला काचेचा चुरा लागलेला असतो, आणि मग घाईघाईनं परत काढून घेतलं. त्यावर आम्ही दोघं हसलो.

"आता हे यंत्र कोण चालवणार?" मी विचारलं.

"तू."

"मी हाताच्या चाकावर शिकलो. हे आल्यापासून, नऊ वर्षं, मी याला बोटही लावलेलं नाही."

"म्हणूनच शिकायचं," तो म्हणाला. "बस नीट. कोपर टेकव."

गिऱ्हाइकाची नाही, जुनी एक काच त्यानं माझ्या हातात दिली. मी ती लावली, यंत्र सुरू केलं आणि क्षणात कोपरा उडवला. "जोर करू नकोस," तो म्हणाला. दुसरी काच दिली. तिची कड वेडीवाकडी आली. "तू काचेकडे बघतोस, दादा. आवाज ऐक." हा सूर मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शांत, आणि सवलत न देणारा. पुढे गिऱ्हाइकानं दाराची घंटा वाजवली तर तोच ओरडला, "दहा मिनिटं बसा!" मी असं कधी ओरडलो असतो तर आमच्या वडिलांनी मला घराबाहेर काढलं असतं.

तिसरी काच मधोमध तडकली. मी हात वर केले.

"येईल," धाकटा तुकडे गोळा करत म्हणाला. "रोज दोन तास बसायचं. दहा तारखेपर्यंत येईल तुला."

"आणि नाही आलं तर?"

विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय विचारलं ते. आजवर याचं एकच उत्तर असायचं, मग थांबतो की, त्यात काय. तेच येईल असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी तेच यावं असंही वाटलं.

"तरी दहालाच निघणार," धाकटा म्हणाला. "घे, चौथी काच."